घटक चाचणीचा इतिहास : शिकागो ते गाझियाबाद

१४ एप्रिल २०२१ रोजी केंद्र सरकारने सीबीएसईची दहावीची परीक्षा रद्द केल्याचे जाहीर केले. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती आणि दुसरा मार्गही नव्हता. प्रश्न उरला तो निकाल कशाच्या आधारे लावायचा हा. १ मे रोजी मंडळाने त्याचे सूत्र प्रसिद्ध केले. शंभरपैकी वीस गुण नेहमीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे राहिले. उरलेल्या ऐंशीपैकी दहा गुण घटक चाचण्यांचे, तीस सहामाहीचे आणि चाळीस पूर्वपरीक्षेचे ठरले. मुख्याध्यापक आणि सात शिक्षक यांची समिती प्रत्येक शाळेत नेमण्यात आली. त्या सातांपैकी दोन शेजारच्या शाळांतले असावेत असेही सांगितले गेले. वीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल या पद्धतीने लागले आणि ९९.०४ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. महाराष्ट्र मंडळाचा त्या वर्षीचा दहावीचा निकाल ९९.९५ टक्के होता.

त्या परिपत्रकातील आणखी एक अट पालकांच्या फारशी लक्षात आली नाही, पण प्रशासनाच्या अभ्यासकाने ती विसरू नये. शाळेने दिलेल्या गुणांची सरासरी, मागील तीन वर्षांपैकी त्या शाळेचा ज्या वर्षीचा निकाल सर्वोत्तम असेल त्या वर्षीच्या सरासरीच्या दोन गुण इकडे किंवा तिकडे, एवढ्याच मर्यादेत असली पाहिजे अशी ती अट होती. शाळांनी गुणांची खैरात करू नये हा तिचा हेतू रास्तच होता. परंतु तिचा अर्थही स्पष्ट होता. शिक्षकाने वर्गात घेतलेल्या चाचण्यांवर निकाल लावणे भाग पडले, आणि त्याच क्षणी त्या चाचण्यांवर विसंबता येत नाही हे शासनाने मान्य केले. त्या वर्षीच्या मुलांचे गुण काही अंशी त्यांच्या आधीच्या मुलांनी ठरवले.

हा अविश्वास एका रात्रीत निर्माण झालेला नव्हता. शिक्षकाला चांगली चाचणी तयार करता यावी यासाठी या देशात १९५८ पासून अधिकृत प्रयत्न चालू आहेत. त्यांचे पुढे काय झाले, याचा हा मागोवा.

गाझियाबादच का?

दिल्ली परिसरात बदलीवर आलेली कितीतरी मराठी कुटुंबे यमुनेपलीकडे, वैशाली, वसुंधरा, इंदिरापुरम, कौशांबी अशा वसाहतींत राहतात. १४ नोव्हेंबर १९७६ रोजी मेरठपासून वेगळा होऊन गाझियाबाद जिल्हा झाला. शहराचे मूळ नाव गाझीउद्दीननगर. रेल्वे आल्यावर ते आखूड झाले. सर सय्यद अहमद खान यांची सायंटिफिक सोसायटी इथेच स्थापन झाली असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. ते खरे नाही. ती १८६४ साली पूर्वेकडील गाझीपूरला स्थापन झाली आणि त्याच वर्षी अलीगढला गेली. नावाच्या साधर्म्याने झालेला तो घोटाळा आहे.

गाझियाबादचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. भारतातील शालेय परीक्षांच्या दोन मोठ्या परंपरा इथे एकाच रस्त्यावर नांदतात. एका बाजूला उत्तर प्रदेशची माध्यमिक शिक्षा परिषद. ती १९२१ च्या कायद्याने स्थापन झाली, तिची पहिली परीक्षा १९२३ साली झाली आणि परीक्षार्थींच्या संख्येने ती देशातील सर्वांत मोठ्या मंडळांत गणली जाते. जिल्ह्यातील सरकारी आणि अनुदानित इंटर कॉलेजे तिच्याशी जोडलेली आहेत. दुसऱ्या बाजूला सीबीएसईच्या खासगी शाळा. या मंडळाची १९६२ साली जी पुनर्रचना झाली तिचे एक प्रमुख कारण बदलीच्या नोकरीत असलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांची सोय हेच होते. म्हणजे घराबाहेर पडलेल्या आपल्यासारख्यांसाठीच ती व्यवस्था उभी राहिली. अशा कुटुंबाला गावाकडच्यासारखा ओळखीचा शिक्षक, शेजारचे मास्तर किंवा मामा-काका उपलब्ध नसतात. मुलाला नक्की काय समजले आहे हे सांगणारा एकच कागद घरात येतो, तो म्हणजे तपासलेली चाचणी. तो कागद काही सांगत नसेल, तर पालक शिकवणी वर्गाकडे वळतात आणि मूल नेमके कुठे अडले आहे हे शोधण्याचे काम शाळेकडून बाजाराकडे जाते.

परीक्षा आधी आली, शाळा नंतर

१८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक ही विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती, पण पाहता पाहता तीच शाळेचे ध्येय झाली. शाळेत काय शिकवावे हे तिच्या प्रश्नपत्रिकेवरून ठरू लागले. पुढे सरकारी नोकरीसाठी मॅट्रिक ही खूण मानली गेल्यावर तर वर्गशिक्षकाने काढलेल्या प्रश्नांना स्वतंत्र किंमतच उरली नाही. वर्गातील चाचणी म्हणजे मोठ्या परीक्षेची रंगीत तालीम, ही समजूत तेव्हापासूनची आहे. १९४९ पासून मुंबई प्रांतात एसएससी आली, १९६६ च्या जानेवारीत महाराष्ट्राचे मंडळ स्थापन झाले, १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. परीक्षेचे नाव, इयत्ता आणि मंडळ बदलत गेले. ती समजूत मात्र कायम राहिली.

मोठी परीक्षा तरी भरवशाची होती का? सर फिलिप हार्टोग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि १९२९ च्या भारतीय शिक्षणविषयक समितीचे अध्यक्ष. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्याबरोबर १९३५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सारखेच गुण मिळालेल्या इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका त्यांनी पंधरा अनुभवी परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतल्या. वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर त्यांतील चौदा परीक्षकांनी त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. अशा २१० निर्णयांपैकी ९२ ठिकाणी परीक्षकाने आपलाच आधीचा निर्णय बदललेला आढळला. म्हणजे नापास झालेला पास झाला किंवा उलट. परीक्षक बदलला नव्हता, उत्तर बदलले नव्हते. प्रश्न सैल असला आणि उत्तरात काय अपेक्षित आहे हे आधी ठरलेले नसले, की असे होते.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची सुचवू, अशा आशयाचे मत नोंदवले. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बाह्य परीक्षांची संख्या कमी करावी आणि शाळेतील वर्षभराच्या कामाच्या नोंदींना वजन द्यावे असे सुचवले. निदान तर झाले होते. उपचार कोणी करायचा हे ठरायचे होते.

ब्लूम आणि संविधान तक्ता

मुदलियार आयोगानंतर १९५५ साली अखिल भारतीय माध्यमिक शिक्षण परिषद स्थापन झाली. शिकागो विद्यापीठात परीक्षांचे काम पाहणारे बेंजामिन ब्लूम तिच्या निमंत्रणावरून भारतात आले. शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाचा त्यांचा ग्रंथ १९५६ साली नुकताच प्रसिद्ध झाला होता. त्यांनी इथल्या शिक्षकांबरोबर कार्यशाळा घेतल्या आणि १९५८ साली परिषदेच्या अंतर्गत परीक्षा विभाग सुरू झाला. भारतीय मूल्यमापन अधिकाऱ्यांची एक तुकडी शिकागोला जाऊन प्रशिक्षण घेऊन आली. १ सप्टेंबर १९६१ रोजी एनसीईआरटीची स्थापना झाल्यावर हे काम तिच्याकडे गेले.

या कार्यक्रमाचा गाभा साधा होता. शिक्षकाने प्रथम ठरवावे की या घटकातून मुलाला काय करता यायला हवे. मग तसे करायला लावणारे प्रश्न लिहावेत. मग मुलांनी काय उत्तरे दिली ते पाहावे, आणि त्यावरून प्रश्न व आपले शिकवणे दोन्ही दुरुस्त करावेत. उद्दिष्ट, अध्ययनानुभव आणि मूल्यमापन हा तो त्रिकोण. महाराष्ट्रात बी.एड. केलेल्या प्रत्येकाला तो पाठ असतो. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य हे चार शब्द तिथूनच आपल्याकडे आले. संविधान तक्ताही तिथूनच आला. उभ्या रकान्यांत उद्दिष्टे, आडव्या ओळींत उपघटक, चौकटीत प्रश्नांची संख्या आणि भारांश.

या तक्त्याचे पुढे जे झाले ते प्रशासनात वावरलेल्या माणसाला अपरिचित वाटणार नाही. कार्यशाळा महाग असते, तिला वेळ लागतो, आणि तिचा परिणाम मोजता येत नाही. तक्ता स्वस्त असतो, तो फाईलला लावता येतो आणि तपासनीसाला दाखवता येतो. त्यामुळे कार्यशाळा मागे पडत गेली आणि तक्ता मात्र सर्वत्र पोहोचला. प्रशिक्षणार्थी आधी प्रश्न जमवतो आणि मग त्या प्रश्नांना शोभेल असा तक्ता भरतो, हे प्रशिक्षण महाविद्यालयांतील उघड गुपित आहे. चाचणी झाल्यावर उत्तरपत्रिकांचे प्रश्ननिहाय विश्लेषण करणे हा त्रिकोणाचा सर्वांत उपयुक्त भाग. पण तो बी.एड.च्या एका प्रात्यक्षिकापुरता उरला आणि नोकरी लागल्यावर विस्मरणात गेला.

तीन मराठी धागे

कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीचे. त्यांची कारकीर्द मोठ्या प्रमाणात दिल्लीत गेली. आयोगाने अंतर्गत मूल्यमापन आणि राज्यांच्या मूल्यमापन संस्था यांची शिफारस तर केलीच. पण आणखी एक कल्पना मांडली, ती शाळासंकुलाची. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या आसपासच्या शाळा यांनी एकत्र येऊन शिक्षक, साधने आणि अनुभव वाटून घ्यावेत, अशी ती योजना. शिक्षकाची सुधारणा आदेशाने होत नाही, ती बरोबरीच्या शिक्षकांच्या संगतीत होते, हा तिच्यामागचा विचार. ही कल्पना राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये पुन्हा अवतरली आहे.

दुसरा धागा मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने १९७४ साली ते सुरू झाले. डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली सत्तरच्या दशकात केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. तिथे एक गोष्ट लक्षात आली. विज्ञानात मागे पडणारी बरीच मुले विज्ञानात मागे नव्हती. पाठ्यपुस्तकाची जडजंबाल मराठी त्यांना अडवत होती. भाषा सोपी केली की त्यांची समज वर येत होती. प्रश्नपत्रिकेच्या बाबतीत हा धडा दुप्पट लागू पडतो. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या गाझियाबादच्या मराठी मुलाने विज्ञानाच्या प्रश्नाचे उत्तर चुकवले, तर तो विज्ञानात चुकला की वाक्यात, हे चांगल्या प्रश्नावरूनच कळू शकते.

तिसरा धागा होशंगाबादचा. साठच्या दशकाच्या अखेरीस अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेने प्रयोगांतून भौतिकशास्त्र शिकवण्याचा जो उपक्रम केला, त्याचे नेतृत्व डून स्कूलचे शिक्षक बी. जी. पित्रे यांच्याकडे होते. त्या प्रेरणेतून १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातील (आताचे नर्मदापुरम) १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञान कार्यक्रम सुरू केला. १९७८ साली तो संपूर्ण जिल्ह्यात गेला आणि १९८२ नंतर एकलव्य या संस्थेने तो सांभाळला. आठवीच्या परीक्षेला मुले पुस्तक आणि वही घेऊन बसत. लेखी परीक्षेबरोबर प्रयोगाची परीक्षाही असे. पुस्तक समोर असल्यावर पाठांतराचा प्रश्न विचारून उपयोग नव्हता. त्यामुळे प्रश्न काढणे हीच खरी कसोटी झाली आणि ती शिक्षकांनी कार्यशाळेत एकत्र बसून पार पाडली. कोणता प्रश्न फसला, का फसला, मुलांनी त्याचा काय अर्थ घेतला यावर तिथे चर्चा होत असे. ब्लूम यांच्या त्रिकोणाची तिसरी बाजू सरकारी शाळांत वर्षानुवर्षे जिवंत राहिल्याचे हे भारतातील ठळक उदाहरण आहे. २००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला.

सीसीईची आठ वर्षे

२००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि त्याच वर्षीचा सीबीएसईचा निर्णय यांनी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणले. दहावीची मंडळ परीक्षा ऐच्छिक झाली. वर्षात चार आकारिक चाचण्यांना ४० टक्के आणि संकलित चाचण्यांना ६० टक्के वजन मिळाले. कागदावर पाहिले तर वर्गशिक्षकाला इतका अधिकार १८५९ नंतर प्रथमच मिळाला होता. परंतु अधिकाराबरोबर कौशल्य आले नाही. आकारिक चाचणीचा अर्थ 'शिकता शिकता अंदाज घेणे आणि लगेच मदत करणे' असा आहे. प्रत्यक्षात ती प्रकल्प, तक्ते, थर्माकोलच्या प्रतिकृती आणि नोंदींचे रकाने यांत अडकली. जिथे एक मोठी परीक्षा होती तिथे अनेक लहान परीक्षा आल्या अशी पालकांची तक्रार होती आणि ती निराधार नव्हती. २०१७ मध्ये ही पद्धत गुंडाळली गेली. २०१८ पासून दहावीची मंडळ परीक्षा पुन्हा सक्तीची झाली.

महाराष्ट्रातही याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. भाषा आणि सामाजिक शास्त्रांसाठी शाळेने द्यायचे वीस गुण २०१९ च्या दहावीला काढून टाकण्यात आले. २०१८ साली ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. नव्या अभ्यासक्रमाचाही त्यात वाटा होता हे मान्य. पण गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी ते वीस गुण परत आले. त्या वादात, शाळेने दिलेले ते गुण नेमके काय मोजत होते, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

क्षमताधिष्ठित प्रश्नांचा काळ

पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत हिमाचल प्रदेश आणि तामिळनाडू या राज्यांनी भाग घेतला. २०११ च्या अखेरीस निकाल आला तेव्हा ७४ प्रदेशांच्या यादीत दोन्ही राज्ये तळाशी होती. त्यांच्या खाली फक्त किरगिझस्तान होते. त्यानंतर भारत या चाचणीपासून दूर राहिला, परंतु तिच्या प्रश्नांची घडण इथे रुजू लागली. मार्च २०२१ मध्ये सीबीएसईने सहावी ते दहावीच्या इंग्रजी, विज्ञान आणि गणितासाठी ब्रिटिश कौन्सिलच्या साहाय्याने मूल्यमापनाचा नवा आराखडा जाहीर केला. २०२३ साली एनसीईआरटीमध्ये परख हे राष्ट्रीय मूल्यमापन केंद्र स्थापन झाले. २०२४-२५ साठी नववी-दहावीच्या प्रश्नपत्रिकेत क्षमताधिष्ठित प्रश्नांचा वाटा ५० टक्के ठेवण्यात आला.

दिशा योग्य आहे. पण २०२१ च्या योजनेत प्रश्नलेखक किती तयार करायचे होते? सुमारे १८०. मंडळाशी संलग्न शाळा होत्या पंचवीस हजारांच्या घरात. मध्यवर्ती प्रश्नपेढीसाठी १८० माणसे पुरतील. परंतु गाझियाबादच्या एखाद्या शाळेत नववीच्या वर्गाला पुढच्या सोमवारी द्यायची चाचणी ते लिहिणार नाहीत. ती वर्गशिक्षकच लिहिणार. ती लिहायला त्याला येत नसेल, तर प्रश्नपेढीतून प्रश्न उतरवले जातील. मग तेच प्रश्न गाईडमध्ये येतील, आणि क्षमताधिष्ठित प्रश्नांचेही पाठांतर सुरू होईल. 'अपेक्षित' प्रश्नसंचांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रशिक्षणाची व्यवस्था पाहू. १९८६ च्या धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या त्या मुख्यतः प्राथमिक शिक्षणासाठी. गाझियाबादची अशी संस्था हापूडला आहे, आणि हापूड २०११ पासून वेगळा जिल्हा आहे. माध्यमिक शिक्षकांसाठी नेमलेली अध्यापक महाविद्यालये तुलनेने फार थोडी. सीबीएसईच्या शिक्षकाने वर्षाला ५० तासांचे प्रशिक्षण घ्यावे असा नियम आहे. त्यातील २५ तास मंडळाकडून किंवा सरकारी संस्थेकडून आणि २५ तास शाळेत किंवा शाळासमूहात. तास भरतात, प्रमाणपत्रे मिळतात. दिवसभराच्या सत्रात ब्लूम यांची उतरंड पडद्यावर दाखवली जाते. शिक्षक स्वतःचा एकही प्रश्न दुसऱ्याला दाखवत नाही आणि एकही तपासलेली उत्तरपत्रिका टेबलावर येत नाही.

चांगली चाचणी म्हणजे काय?

दोन उदाहरणे घेऊ. 'ओहमचा नियम लिहून स्पष्ट करा' हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याचे उत्तर पाठ करता येते आणि त्यातून मुलाला नियम समजला का हे कळत नाही. त्याऐवजी एका विद्यार्थिनीने घेतलेली निरीक्षणे देऊ. विभवांतर १, २, ३, ४ व्होल्ट. विद्युतधारा अनुक्रमे ०.२, ०.४, ०.५, ०.८ अँपिअर. तिने कोणते निरीक्षण पुन्हा घ्यावे आणि का? ज्याला नियम समजला तो तिसऱ्या निरीक्षणावर बोट ठेवील. ज्याला तो फक्त पाठ आहे त्याला प्रश्नच कळणार नाही. लिहायला दोन ओळी लागतात आणि तपासणारा कोणीही असला तरी गुण सारखेच पडतात. हार्टोग यांना अस्वस्थ करणारी अडचण इथे आपोआप कमी होते.

दुसरे उदाहरण बहुपर्यायी प्रश्नाचे. चेंडू सरळ वर फेकला. सर्वोच्च बिंदूवर तो क्षणभर थांबतो तेव्हा, हवेचा विरोध सोडला तर, त्याच्यावर बल किती आणि कोणत्या दिशेने? पर्याय तीन : वरच्या दिशेने थोडे, शून्य, आणि खालच्या दिशेने त्याच्या वजनाइतके. 'शून्य' निवडणारे मूल वेग आणि बल यांत गल्लत करत आहे. 'वरच्या दिशेने' निवडणाऱ्याला हाताने दिलेला जोर चेंडूत अजून शिल्लक आहे असे वाटते. दोघेही चुकले, पण दोघांना वेगवेगळी मदत हवी आहे. चांगल्या प्रश्नातील चुकीचा पर्याय असा बोलका असतो. 'यांपैकी नाही' आणि 'वरील सर्व' हे पर्याय बहुधा मुके असतात. तसेच 'खालीलपैकी कोणते विधान असत्य नाही' यासारखा प्रश्न विज्ञान न तपासता वाचकाचा संयम तपासतो.

उरली चाचणीनंतरची बाजू. त्यासाठी संगणक लागत नाही. ४० मुलांच्या वर्गात एकूण गुणांनुसार वरची ११ आणि खालची ११ मुले वेगळी काढावीत. २७ टक्क्यांचा हा दंडक ट्रूमन केली यांनी १९३९ साली दिला. एखाद्या प्रश्नाचे उत्तर वरच्या गटात नऊ आणि खालच्या गटात तीन मुलांनी बरोबर दिले, तर फरक सहाचा; त्याला ११ ने भागले की ०.५५ येते. प्रश्न चांगला आहे. वरच्या गटात चार आणि खालच्या गटात सात अशी स्थिती आली, तर उत्तर उणे येते. म्हणजे हुशार मुले फसली आणि बाकीची तरली. अशा वेळी दोष बहुधा प्रश्नात किंवा आपल्या उत्तरसूचीत असतो. एका वर्गाच्या आकड्यांवर फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे खरे. पण कोणता प्रश्न पुन्हा वाचायला हवा एवढे तरी ते नक्की सांगतात. याला अर्धा तास पुरतो.

प्रशासनाने काय करावे?

पहिली गोष्ट, प्रशिक्षण दोन भागांत घ्यावे आणि मध्ये एक खरी चाचणी असावी. पहिल्या दिवशी शिक्षकाने स्वतः लिहिलेले दहा प्रश्न घेऊन यावे, शेजारच्या शाळेतील शिक्षकाशी बदलावेत आणि दुरुस्त करावेत. महिनाभरात ती चाचणी वर्गात घ्यावी. दुसऱ्या दिवशी उत्तरपत्रिका घेऊन यावे आणि कोणता प्रश्न का फसला ते पाहावे. आजच्या ५० तासांच्या नियमात हे बसते. नव्या आदेशाची गरज नाही.

दुसरी गोष्ट, यासाठी व्यासपीठ आधीच उपलब्ध आहे. सीबीएसईच्या शाळांचे सहोदय समूह १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून चालत आले आहेत. नाईकांच्या शाळासंकुलाचेच ते शहरी रूप. असे समूह पूर्वपरीक्षेची सामाईक प्रश्नपत्रिका काढतात. त्याच बैठकीत मागील प्रश्नपत्रिकेचे विश्लेषणही होऊ शकते. त्याच मोहल्ल्यातील इंटर कॉलेजांच्या हिंदी माध्यमाच्या विज्ञान शिक्षकांनाही तिथे बोलवावे. मंडळे दोन असली तरी चेंडूवरील बल एकच आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. तपासनीसाने शाळेत जाऊन गुणांची यादी पाहण्याऐवजी चाचणीचा कागद मागावा. त्यातील दोन प्रश्न वाचावेत आणि शिक्षकाला विचारावे, या प्रश्नातून तुम्हाला काय कळले? या प्रश्नाला शिक्षकापाशी उत्तर असेल तर तक्ता भरला आहे की नाही हे पाहण्याचे कारण उरत नाही.

शिक्षकावर आधीच कामाचा बोजा आहे हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर चाचण्यांची संख्या कमी करण्यात आहे. वर्षात सहा निरुपयोगी चाचण्यांपेक्षा तीन नीट घेतलेल्या आणि नीट वाचलेल्या चाचण्या बऱ्या. हा निर्णय मंडळाने घ्यायचा आहे, शिक्षकाने नव्हे. खासगी शाळांना जाहिरातीसाठी चढे गुण हवे असतात हेही खरे. पण चाचणी गुणवाटपासाठी नसून निदानासाठी आहे असे एकदा ठरले, की ते गुण चढवून कोणाचा लाभ होत नाही. म्हणून वर्षभरातल्या काही चाचण्यांचे गुण प्रगतिपुस्तकात न मोजण्याची मुभा शाळांना द्यावी.

परदेशी किंवा परप्रांती असलेल्या मराठी पालकांना एकच सांगावेसे वाटते. मुलाची तपासलेली चाचणी घरी आली की गुणांआधी चुकलेले प्रश्न पाहावेत, आणि शिक्षकांना भेटल्यावर 'किती कमी पडले' याऐवजी 'नेमके काय कळले नाही' हे विचारावे. हा प्रश्न वारंवार विचारला गेला तर शिक्षकालाही तसा कागद तयार करावासा वाटेल. २०२१ सारखी वेळ पुन्हा येऊ नये. पण आली तर शाळेच्या जुन्या सरासरीकडे बोट न दाखवता, 'आमच्या शिक्षकांच्या चाचण्या पाहा' असे मंडळाला म्हणता आले पाहिजे. १९५८ साली सुरू झालेले ते काम तिथपर्यंत नेणे बाकी आहे.